रांजणातली बोगनवेल

"म्हणजे मी गेले तरी चालेल, असंच ना आक्का?"

तानूआक्का जास्वंदीची पिवळी पानं खुडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

कुमुदच्या एका हातात कपड्यांची पिशवी होती, दुसऱ्या हातात चिपळ्या. दुपारची शेवटची एसटी थोड्या वेळात फाट्यावर येणार होती. आणि संध्याकाळी मठात उत्सवाचं शेवटचं कीर्तन. ते कुमुद करणार, असं आक्कांनी काल भर पंगतीत सांगून टाकलं होतं. सांगितलं आणि ताकाचा भुरका मारला. आख्यान कुठलं लावायचं, उभं राहून पहिला शब्द काय उच्चारायचा, काही नाही.

रात्रीतून कुमुदनं दोनदा पिशवी भरली आणि दोनदा उपसली होती.

ही काही लेचीपेची बाई नव्हे. गाण्याच्या परीक्षा दिलेली, शाळेत पोरांना वर्षानुवर्षं गाणं शिकवलेली. नोकरी सोडून नदीकाठच्या या एवढ्याशा मठात आक्कांकडं कीर्तन शिकायला निघाली, तेव्हा भाऊ म्हणाला होता, "जा. आंबे उतरायच्या आत परत येशील." हिनं नाक वर करून पिशवी उचलली होती. आता तीच पिशवी घेऊन त्याच भावाच्या दारात उभं राहायचं म्हणजे जितेपणी नाक कापून घेणं.

पण भर सभेत आवाजच फुटला नाही तर...

बाई कीर्तनात अडखळली की गाव सात पिढ्या लक्षात ठेवतं. बुवा अडखळला तर म्हणतात, भाव दाटून आला.

"आक्का, मी काहीतरी विचारतेय."

"ह्या जास्वंदीला काय काय लागतं गं?"

कुमुदच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण विचारलेलं आलं नाही असं दिसणं तिला कधीच सोसलेलं नव्हतं.

"रोज पाणी. उन्हाळ्यात दोन्ही वेळा. वरचेवर शेणखत. पानामागं पांढरी कीड बसते पिठासारखी, ती पुसून काढावी लागते. जरा दुर्लक्ष झालं की कळ्या गाळून बसते."

"आन फूल?"

"सकाळी उमलतं, संध्याकाळी मिटतं. तुमच्या गोदीसारखं."

बोलून गेली आणि तिची तिलाच लाज वाटली. गोदी ही मठातली दुसरी शिष्या, पोरसवदा, गळ्यानं गोड. रोज सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आक्का तिला एकच ओवी घोळून घोळून म्हणायला लावत. चुकली की रागवत, जमली की हातावर खडीसाखर ठेवत. संध्याकाळपर्यंत निम्मं तिच्या डोक्यातून गेलेलं असायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आणि कुमुदशी? पावसाळा सरल्यापासून शिकवण्याचा एक शब्द नाही. पहाटे तिच्या खोलीवरून आक्का नदीला जात, तेव्हा आत कुमुदचा रियाज चाललेला असे. दाराशी पावलं वाजत. किंचित हळू झाल्यासारखी वाटत... आणि निघून जात.

"ती विसरते, तिला रोज शिकवता," कुमुद म्हणाली. "मी काही विसरत नाही, तर मला वाऱ्यावर सोडलंत. चिपळ्या परत द्यायला आले. घ्या."

आक्कांनी चिपळ्या घेतल्या नाहीत. हात पदराला पुसले.

"फाट्याकडं मागल्या दारानं जवळ पडतंय," त्या म्हणाल्या. "चल. सोडते तिथवर."

मागच्या दाराशी कुमुदची खोली. खोलीच्या भिंतीला लागून एक तडकलेला रांजण. त्यात पाणी ठरेना म्हणून कधीकाळी माती भरून आक्कांनी बोगनवेल लावली होती. दरवर्षी चैत्र लागला की ती अशी पेटायची की उत्सवाला मागल्या दारी वेगळं तोरण लागत नसे.

यंदा फूल नव्हतं एकही. पानं मात्र... तळहाताएवढी, काळीभोर, तेल लावल्यासारखी.

सभामंडपातून तबला लावल्याचा आवाज आला. कुमुद दचकली.

आक्का वेलीपुढं थांबल्या. "हिला काय लागतं?"

"ऊन," कुमुद हळू बोलली.

"आन?"

"काही नाही. हलकी माती. खत नाही. पाणी..."

"पाण्याचं काय सांगितलं हुतं मी?"

"तिनं मागितल्याशिवाय द्यायचं नाही. पानांनी मान टाकली की मगच."

आक्कांनी रांजणातल्या मातीत बोट खुपसलं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं, लोण्यात जावं तसं. बाहेर काढलं तर चिखलानं माखलेलं.

"मागितलं हुतं हिनं?"

कुमुदनं खाली पाहिलं.

"मागायची वेळ येऊच दिली नाही मी. दिवाळीपासून रोज दिवेलागणीला तांब्याभर घालते."

"का?"

"तिकडं जास्वंदीला बादल्या ओतल्या जात होत्या. आणि ही इथं कोपऱ्यात... दया आली मला."

"कुणाची?"

तबला थांबला होता.

आक्कांनी चिखलाचं बोट उचललं आणि कीर्तनाला उभं राहणाऱ्याला बुक्का लावतात तिथं, कुमुदच्या कपाळावर, टेकवलं. गार लागलं. ती पुसायचं विसरली.

"ताण दिला की फुलते, ठाऊक आहे मला," कुमुद म्हणाली. आता तिला थांबवत नव्हतं. "सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण ताण देणारा देऊन विसरून गेला तर? तिकडं जास्वंदीची कळी गळली तर अख्खा मठ जमतो. ही इथं एक दिवस उभीच्या उभी वाळून गेली असती... कुणाला कळलं असतं, आक्का?"

"वाळते की," आक्का म्हणाल्या. "वाळून मरतेबी."

एवढ्या सहज.

आक्का दाराच्या चौकटीला टेकून पायातला काटा काढायला लागल्या. बोगनवेलीचाच होता. टाचेवर तसले जुने काळे ठिपके पुष्कळ दिसत होते.

"नदी कुठनं जवळ गं? हितनं, का सैपाकघराच्या दारानं?"

"स्वयंपाकघराच्या. तिथून तर पायऱ्याच आहेत. इथून सगळा बांध फिरून जावं लागतं."

"आन माझं गुडघं कसं हायत?"

"...दुखतात."

"मग रोज पहाटे मी हितनं का जाते?"

कुमुद आक्कांच्या टाचेकडं पाहत होती.

फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. एकदा. मग जरा थांबून पुन्हा, कुणी पळत येत असेल तर त्याच्यासाठी वाजवतात तसा.

पिशवी तिच्या हातातून कधी सुटली ते तिला कळलं नाही. चिपळ्या मात्र हातातच होत्या.

"भीती गेलेली नाही माझी," ती म्हणाली.

"नसंल."

"आख्यान तरी सांगा, आक्का. कुठलं लावू?"

आक्का लंगडत चालायला लागल्या होत्या. मागं वळून न पाहता म्हणाल्या,

"दाराला कडी घाल. कीर्तनात कुत्री शिरत्यात."