चेटकिणीची सैल गाठ

फार मागच्या काळची गोष्ट सांगतो. एका गावाच्या वेशीबाहेर एक चेटकीण राहत असे. गावातली बाळंतपणं तीच करी आणि मेलेल्यांना शेवटची अंघोळही तीच घाली. लोक तिला भीत, पण दोन्ही वेळी बोलावणं तिलाच जाई.

त्या गावात एक विणकर होता. त्याची म्हातारी आई अंथरुणाला खिळली होती आणि बायकोचे दिवस भरत आले होते. एका सकाळी आईचा श्वास अडखळू लागला, तसा तो चेटकिणीकडे धावला.

“मावशी, तिला जाऊ देऊ नका.”

“ऐंशीची झाली रे ती.”

“तुम्ही मरण थांबवता असं म्हणतात.”

“थांबवता येतं. पण येण्याचं आणि जाण्याचं दार एकच असतं. ते बंद केलं की दोन्हीकडून बंद.”

“मला आई हवी आहे. बाकीचं मी बघेन.”

चेटकिणीने सुताचा एक दोरा म्हातारीच्या खाटेच्या पायाला गुंडाळला आणि सैलशी गाठ मारली. “मी दार नुसतं लोटलंय, कडी लावलेली नाही. नातवंडाचं तोंड बघेपर्यंत ती थांबेल, मग गाठ आपोआप सुटेल. तू हात लावू नकोस.”

पण विणकराला सैल गाठ बघवेना. त्याच्या मागावरची गाठ आजवर कधी सुटली नव्हती. चेटकीण गेल्यावर त्याने त्याच दोऱ्यावर विणकरी गाठी मारल्या, एकीवर एक अशा सात, आणि पाणी लावून आवळल्या.

आई जगली. म्हणजे डोळे उघडे राहिले, एवढंच. तिला घास गिळवेना की झोप लागेना.

पाचव्या दिवशी बायकोला कळा सुरू झाल्या. दीड दिवस गेला तरी मूल येईना. चेटकिणीने रिवाजाप्रमाणे घरातल्या सगळ्या गाठी सोडायला लावल्या: गाठोड्यांच्या, पोत्यांच्या, गाईच्या दाव्याचीसुद्धा. मग तिची नजर खाटेच्या पायाकडे गेली.

“हा उद्योग तुझा का?”

“सोडतो,” विणकर खाली बघत म्हणाला. त्याची नखं तुटली, पण गाठ सुटली नाही.

“आता कापावी लागेल. सुटली असती तर ती सावकाश गेली असती. कापलीस की लगेच जाईल. नातवंड बघायला मिळणार नाही तिला.”

तो सुरी हातात घेऊन तसाच बसला. आतल्या खोलीत बायकोचा आवाज बारीक होत चालला होता.

“काप रे बाबा,” आई म्हणाली. “पोराला किती वेळ दाराबाहेर उभं करशील? आणि पडून पडून माझीही पाठ मोडली.”

त्याने दोरा कापला. आईने डोळे मिटले आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडे बाळ रडलं. मुलगी होती. आजी आणि नात यांच्यामध्ये एका भिंतीचं अंतर होतं, तरी त्यांची भेट झाली नाही.

तात्पर्य: जाणाऱ्याला वेळेवर निरोप देता आला नाही, तर येणाराही वाटेतच अडकतो.