कपाटातला कॅमेरा

विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागात एकच कॅमेरा होता आणि तो विभागप्रमुख निमखेडकर सरांच्या कपाटात कुलूपबंद असे. मुलांच्या हाती दिला की बिघडणारच, हे सरांचं ठाम मत. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, तो बाहेर यायचा. हळदकुंकू, झेंडूचं फूल, मुलांचे नमस्कार, की परत कपाटात. एरवी त्याची बटणं मुलांनी फळ्यावरच्या चित्रात बघायची.

अश्लेषा सोनटक्के शेवटच्या वर्षाला असताना तपासणी समिती आली. “आमची मुलं रोज कॅमेरा हाताळतात,” सरांनी ठोकून दिलं आणि वर्गात पहिल्या येणाऱ्या अश्लेषाच्या हाती तो ठेवला. “दाखव गं साहेबांना.”

बातमीदार व्हायला आलेल्या त्या पोरीला कॅमेरा सुरू कुठून होतो हेही ठाऊक नव्हतं. तिनं तो टेबलावर ठेवला, चपला काढल्या, डोळे मिटून हात जोडले.

“हा काय चावटपणा?” सर कडाडले. “प्रॅक्टिकलला नव्वद गुण दिलेत मी तुला.”

“ते याचेच ना, सर? तीन वर्षांत एवढंच प्रॅक्टिकल झालंय.”

समितीचे अध्यक्ष चहा पिता पिता हसले. अहवालात मात्र त्यांनी लिहिलं, ‘उपकरणांची निगा उत्तम.’