केसरबाईचे पाय पूर्वेला

शांतवनमहाराज कासारखेड्याला आले, तेव्हा गावात चर्च एक होते आणि ख्रिस्ती आळ्या दोन. महाराज येशूचे कीर्तनकार. चर्चच्या कमिटीला 'महाराज' हा शब्द खटके. पण कीर्तनाला गर्दी होई, म्हणून कमिटी खटकू देत असे.

भाविकहो, वरची आळी आणि खालची आळी प्रभूच्या मेजावर एकाच पेल्यातून पीत. दफनभूमीत मात्र मधोमध काटेरी तार होती. एकाच ख्रिस्तात मेलेले लोक तिथे आपापल्या आळीत राहत.

वरच्या आळीची मार्थाबाई लहानपणी देवीच्या आजारात आंधळी झाली. खालच्या आळीच्या केसरबाईने चाळीस वर्षे तिला हाताला धरून चर्चला नेले. दोघींचे ठरले होते : पुनरुत्थानाच्या दिवशी जी आधी उठेल तिने दुसरीला हलवायचे, आणि जोडीने प्रभूपुढे जायचे.

उपवासकाळात केसरबाई वारली. मार्थाबाई काठी टेकत कमिटीच्या बैठकीत सेक्रेटरी भिंगारदिवे गुरुजी यांच्याकडे गेली.

"गुरुजी, माझी जागा तारेलगत राखून ठेवलीय. तिच्या शेजारी केसरला पुरा."

"मग तार कशाला लावलीय, मार्थाबाई? गुरं येऊ नयेत म्हणून?"

"मग उठल्यावर आमची भेट कशी व्हायची?"

कमिटीत हशा पिकला. "अहो, तिथं तुम्हाला डोळे मिळणार! हात धरायला कोण लागतंय?"

"डोळे मिळतील हो. पण केसर दिसते कशी, ते मला कुठं ठाऊक? मला तिचा हात तेवढा ठाऊक."

"मग प्रभूला एक चिठ्ठी देऊन ठेवा," गुरुजी म्हणाले.

खालच्या आळीची बाजू भरली होती. तारेलगत चिंचोळी पट्टी उरली होती, तिच्यात केसरबाईला दक्षिणोत्तर पुरले. आपल्यात मृताचे पाय पूर्वेला करतात. उठून बसताच येणारा प्रभू समोर दिसावा म्हणून. केसरबाईच्या समोर गावचा उकिरडा आला.

"महाराज, ती उठेल आणि तिकडंच बघत बसेल," मार्थाबाई मातीवर हात फिरवत रडू लागली. "मला शोधणार कशी?"

महाराजांनी तार मुठीत धरून प्रार्थना केली. तळहातातून रक्त आले. "बाई, ज्याने कबरेची धोंड लोटली, त्याला ही तार काय जड आहे?"

फाटकातून गुरुजी म्हणाले, "त्याला कमिटीचा ठराव लागेल, महाराज."

"धोंड लोटणाऱ्या दूतानेही ठराव आणला नव्हता, गुरुजी."

ईस्टरची पहाट झाली. रिवाजाप्रमाणे सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत जमली. मार्थाबाईने केसरबाईच्या उशाचा क्रूस चाचपला, तो जागेवर लागेना. मातीच्या उंचवट्यावरून हात सरकवत ती पुढे गेली, तारेखालून गेली, आणि थेट आपल्या राखीव जागेशी पोचली.

"केसर वळली!" ती ओरडली. "माझ्याकडं आली!"

"कुणीतरी फावडं चालवलंय," गुरुजी म्हणाले.

पण मातीवरचे कोवळे गवत जसेच्या तसे होते. तारही ताणलेलीच होती. आणि मग लोकांची नजर गुरुजींच्या कबरीकडे गेली. ती त्यांनी हयातीतच बांधून ठेवली होती. आठ पोती सिमेंट, वर संगमरवर. तिच्या उशाचा क्रूस आता पूर्वेला होता. कासारखेड्यात असले ओझे हलवणारे काहीच नव्हते. धन्य प्रभूची लीला!

"गुरुजी," खालच्या आळीतले कुणी म्हणाले, "तुम्ही उठाल ते प्रभूकडं पाठ करूनच की हो."

या वेळी कुणी हसले नाही. गुरुजी महाराजांच्या पायांवर कोसळले. "फिरवा, महाराज!"

महाराज म्हणाले, "मी फिरवली असती, तर मीच परत फिरवली असती. जिचा अपमान केलात, तिची क्षमा मागा."

गुरुजींनी मार्थाबाईला हात जोडले. "चुकलो, बाई."

"माझ्याजवळ काय मागता? उकिरड्याकडं तोंड करून तिला पुरलंत."

"ती तर गेली."

"मग भेटल्यावर मागा."

गुरुजींनी विचारले, "पण... भेटेल ना ती?"



केसरबाईचे पाय आता तारेच्या अलीकडे, वरच्या आळीत आले होते. गुरुजी गुडघ्यांवर आले आणि त्या पायांपाशी मातीत त्यांनी कपाळ टेकले.