सांडव्याच्या आईची कहाणी

ऐक गे सांडव्याच्या आई, तुझी कहाणी. आणि तुम्हीही ऐका गं बायांनो. हातात तांदळाचे दाणे घ्या, पदर सावरा. ती खांबाला टेकलेली, तुझं कुजबुजणं झालं की सांग, मग सुरू करते. झालं? बरं.

आटपाट गाव होतं. गावाला तळं होतं, तळ्याला मातीची पाळ होती. पोटात काळी माती, पाठीवर मुरूम, आणि एका अंगाला दगडी सांडवा. तळं भरलं की जास्तीचं पाणी सांडव्यावरून जाई. तळ्यात मरळ होती, वाम होती, झिंगे होते. लव्हाळ्यात टिबुकली घरटं करी, पाणकोंबडी पिलं फिरवी, दोन पाणमांजरं आपली ऊन खात पडलेली असत. सांडव्यावरून पाणी जाई, त्याबरोबर थोडे मासे जात. ते खालच्या वाडीला मिळत. असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

त्या गावची पाटलीण होती भागाबाई. हाताची कामसू, तोंडाची फटकळ. तिला एकच लेक, कौतिका. ती दिलेली खालच्याच वाडीत. लेकीला सातवा महिना लागला होता. पाटलीण म्हणाली, "लेक आखाडाला येईल. तिला तळ्यातली मरळ खाऊ घालीन." मग तिच्या मनात आलं, की मासे तर सांडव्यावरून पळतात. आमच्या तळ्यातले मासे, आणि कालवण शिजायचं वाडीत! हे काही बरं नाही.

मग तिनं काय केलं? बुरडाला बोलावलं. "बोट जाणार नाही अशी तट्टी वीण, सांडव्याला लावायची आहे." बुरूड म्हणाला, "पाटलीणबाई, मासा अडेल तसा पालाही अडेल." ती म्हणाली, "तुला विणायला सांगितलंय, शिकवायला नाही." त्यानं बापड्यानं विणली. तट्टी सांडव्यात घट्ट बसली.

आता बायांनो, ज्या मासळीसाठी हा खटाटोप, ती सांडव्यावरून गेली असती तर जाती कुठं? वाडीला. वाडीत कोण? तिचीच लेक! पण माणसाची मती फिरली की फिरली.

मग आखाड लागला, झड लागली. तट्टीला गवत अडलं, पाला अडला, बाभळीच्या काट्या अडल्या. पाणी चढू लागलं. पहिल्या दिवशी दारात एक म्हातारी आली. डोईला शेवाळ, पायाला चिखल. "बाई बाई, पाण्याला वाट दे." पाटलीण म्हणाली, "मी दळतेय, मला वेळ नाही." म्हातारी गेली. दुसऱ्या दिवशी पाणी पाळीच्या माथ्याखाली हातभर राहिलं. म्हातारी आली. "बाई बाई, पाण्याला वाट दे." पाटलीण म्हणाली, "मी सारवतेय, मला वेळ नाही." तिसऱ्या दिवशी पाणी चार बोटं राहिलं. म्हातारी आली. "बाई बाई, पाण्याला वाट दे." पाटलीण म्हणाली, "उद्या लेक येणार, परवा तट्टी काढीन. जा बघू." अगं, पाणी काय परवापर्यंत थांबतं?

भर दुपारी पाणी पाळीवरून वाहिलं. गुरांच्या पायानं माथा जिथं खचला होता, तिथून आधी करंगळीएवढी धार गेली, मग मनगटाएवढी, मग पाळ दुभंगली आणि तळंच्या तळं वाडीवर गेलं. सहा घरं गेली. त्यात कौतिकाचं घर गेलं, बैलजोडी गेली, कणगीतलं धान्य गेलं. तिची सासू आंब्याच्या फांदीला लोंबकळून राहिली, पाय मोडला, पण वाचली. कौतिका एक दिवस आधीच माहेरची वाट चालत होती, टेकाडावर होती. तिनं सगळं डोळ्यांनी पाहिलं.

ती तशीच वर आली, फुटक्या पाळीवर उभी राहिली. पाटलीण धावत गेली, लेकीला कवटाळायला लागली. कौतिकानं तिचे हात बाजूला केले. सांडव्यात अडकलेली तट्टी पाहिली. म्हणाली, "आई, हे कशासाठी?" पाटलीण म्हणाली, "तुझ्यासाठी गं. तुला मरळ..." कौतिका म्हणाली, "सांडव्यानं थोडं थोडं द्यायचं, ते तू एकदम दिलंस. आता ऐक. या सांडव्यावरून वाडीला पाणी येईल, तेव्हा मी तुझ्या दारी येईन. तोवर नाही." आणि माघारी गेली. पाटलीण रडली, ऊर बडवून रडली.

मग तळ्याची दशा काय झाली? चिखलात मासे तडफडले, घारी-कावळ्यांनी तीन दिवस खाल्ले. टिबुकली गेली, पाणकोंबडी गेली, पाणमांजरं गेली. माघात विहिरी आटल्या. वाडीत लेक त्याआधी भादव्यातच दुसऱ्याच्या पडवीत बाळंत झाली, मुलगी झाली. पाटलिणीनं डिंकाचे लाडू धाडले, ते परत आले. अंगडं-टोपडं धाडलं, ते परत आलं. मग स्वतः गेली, दार लागलं. आतून नातीचं रडणं ऐकलं, उंबऱ्याबाहेर डोकं टेकलं आणि फिरली.

येताना फुटक्या तळ्यावर आली, तो तीच म्हातारी कोरड्या सांडव्यातलं गवत उपटत बसलेली. पाटलीण म्हणाली, "आजी, तळ्यात थेंब नाही, सांडवा कशाला साफ करतेस?" म्हातारी म्हणाली, "पाणी आल्यावर करू म्हटलं तर काय होतं, ते तू पाहिलंस." पाटलिणीनं तिचे पाय धरले. "आई, माझं चुकलं. लेक तुटली. याला उपाय सांग." म्हातारी म्हणाली, "उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील." "उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही." "मग ऐक. आखाडाच्या पहिल्या सोमवारी पहाटे न्हावं, पाटीभर काळी माती डोईवर घ्यावी, पाळीवर टाकावी, पायानं तुडवावी. खेकड्याचं बीळ दिसेल ते बुजवावं, झाड उगवलं असेल ते उपटावं, त्याच्या मुळ्या पाळ पोखरतात. सांडवा हातानं साफ करावा. सात खडे मांडावे, हळदकुंकू वाहावं. मूठभर कण्या माशांना टाकाव्या. चढणीचा मासा धरू नये, तो अंडी टाकायला निघालेला असतो. आणि म्हणावं, राहील ते आमचं, सांडेल ते खालच्याचं." इतकं सांगितलं, आणि बघते तो म्हातारी नाही.

पाटलिणीनं घरी जाऊन पाटी घेतली. माती खणली, डोईवर घेतली, पाळीवर टाकली. लोक हसले. "पाटलीण एका पाटीनं पाळ बांधणार!" ती काही बोलली नाही. तोंडाची फटकळ बाई, पण बोलली नाही, हे लक्षात घ्या. दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्या दिवशी गेली. चौथ्या दिवशी बुरडाची बायको पाटी घेऊन आली. मग तेलीण आली, सुतारीण आली. महिन्याभरात पुरुषांना लाज वाटली, ते धुम्मस घेऊन माती चोपायला आले. खालून वाडीची माणसं आली. कौतिकाचा नवरा आला, माती टाकून गेला. कौतिका आली नाही.

पहिल्या वर्षी पाळ कमरेएवढी झाली. दुसऱ्या वर्षी पुरी झाली, पण पाऊस बेताचा, तळं अर्धं भरलं. टिबुकली परत आली. तिसऱ्या वर्षी आखाडात पाणी चढलं, सांडव्याला चार बोटं राहिली. तेव्हा गावकरी पाटलिणीकडं आले. "बाई, मासे आत्ता कुठं वाढायला लागलेत. एवढं एक वर्ष तट्टी लावू. मग नाही लावणार." बघा हं, माणूस कसा असतो! पाटलीण उठली, सांडव्यात जाऊन बसली. "माझ्या अंगावरून लावा," म्हणाली. मग कोण लावतो?

पाणी आलं. तिच्या पायाला लागलं, गुडघ्याला लागलं. ती बाजूला झाली. पाणी सांडव्यावरून गेलं, त्याबरोबर चमचमती पिल्लं गेली. तिनं हात जोडले. "राहील ते आमचं, सांडेल ते खालच्याचं." किती गेले, किती राहिले, मोजलं नाही.

दुपारी पाळीवर कोण दिसलं? कौतिका. कडेवर तीन वर्षांची पोर, पोरीच्या हातात तांब्या. पाटलिणीला पुढं जाववेना. कौतिका म्हणाली, "आई, वाडीला पाणी पोचलं. आखाडाला आले." पोरगी खाली उतरली. तांब्यात मरळीची दोन पिल्लं होती, वाडीच्या ओढ्यात धरलेली. आजीकडं बघून म्हणाली, "ही तुमची वाहून आली होती." आणि तळ्यात सोडली.

पाटलिणीनं नातीला उराशी धरलं. घरी नेलं, पाय धुतले, लेकीची ओटी भरली. पिठलं-भाकरी केली. मरळीचं नाव कुणी काढलं नाही. दोघी मायलेकी एका ताटात जेवल्या.

सांडव्याची आई जशी पाटलिणीला पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. तुमची तळी भरोत, पाळी टिकोत, लेकी माहेरी येवोत. साठा उत्तरांची ही कहाणी पाचा उत्तरी पाळीवर सुफळ झाली, सांडव्यावरून खालच्या गावाला संपूर्ण पोचली. टाका गं दाणे. आणि उद्या पाट्या घेऊन या, नुसतं ऐकून माती पडत नाही.