कुर्लीचा सरळ रस्ता

सायकली आपल्या मर्जीने एकट्या हिंडायच्या, त्या काळची ही गोष्ट. खोटी वाटली तर खाडीला विचारा, ती तेव्हाही तिथंच होती.

चिमी नावाची सायकल खाडीकाठच्या चिखलाळ खाजणातून समुद्र बघायला निघाली होती. इथे बगळे बघ, तिथे सावलीत टेक, असं करता करता भरतीचं पाणी चढू लागलं. खारं पाणी साखळीला लागलं की गंज ठरलेला, म्हणून चिमी घाबरली. चिखलाच्या कडेला एक कुर्ली, म्हणजे खेकडी, ऊन खात बसली होती.

“कुर्लीताई, किनाऱ्याला कसं जायचं?”

“सरळ जा,” म्हणत कुर्ली आडवी चालत सुटली.

“हे सरळ?” चिमी चक्रावली.

“मग काय? नाकासमोर चालतात ते वाकडे.”

कुर्ली इतकी ठाम होती की चिमीला आपल्याच हँडलची शंका आली. तिने ते वळवलं आणि पुढचं चाक चिखलात रुतलं. पाणी पेडलला टेकलं.

“अगो, मी सरळच सांगितलं होतं,” कुर्ली कळवळून म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती, म्हणून तर चिमीचं डोकं आणखी गरगरलं. शेवटी तिने विचारलं, “ताई, तू कुठे अजिबात जात नाहीस?”

“त्या मागच्या बांधावर. मेला कोरडा, टणक. बीळसुद्धा खणता येत नाही.”

चिमीने कसंबसं चाक उपसलं, बांध गाठला आणि त्यावरून समुद्राकडे निघाली.

कुर्ली डोळे ताणून बघत राहिली. “वाईट म्हटलं तिथंच गेली,” ती पुटपुटली, “आणि वर माझे आभार मानून गेली.”