सहीखालची तारीख

मेडिकल कॉलेजात डॉ. नाडगौडांना सगळे फार मोठं मानत. का, ते कुणी विचारत नसे. मोठ्यांना विचारायचं नसतं म्हणे. थीसिस द्यायचा शेवटचा दिवस उजाडला तरी त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या तन्मयी भोईटेला त्यांची सही मिळेना, आणि सही नाही तर परीक्षा नाही.

"संदर्भात वेबसाइट?" सरांनी सगळ्यांसमोर पानं आपटली. "आणि वर 'अमुक दिवशी पाहिली' असं लिहितेस! जे रोज बदलतं त्याचा कसला संदर्भ? काढून टाक."

डेंग्यूच्या उपचारांच्या ताज्या सूचना फक्त वेबसाइटवर होत्या. त्या काढल्या तर थीसिसच उरत नव्हता.

"काढते, सर. आधी एका पेशंटबद्दल विचारू? डेंग्यू आहे, प्लेटलेट चाळीस हजार. काय करू?"

"रिपोर्ट कधीचा?"

"तारीख नाही लिहिलेली, सर."

"नाही लिहिलेली?" सर कडाडले. "अगं, सकाळच्या प्लेटलेट संध्याकाळी राहत नाहीत! तारीख नसलेला रिपोर्ट मी फेकून देतो. हेच शिकलीस माझ्याकडे?"

"हेच शिकले, सर. जे बदलतं ते कधी पाहिलं, हे लिहायचं. वॉर्डातही आणि थीसिसमध्येही."

मागं कुणीतरी खोकल्याआड हसलं. सरांनी पेन शोधण्यात बराच वेळ काढला. ते खिशालाच होतं.

सही घेऊन तन्मयी बाहेर आली आणि जिन्यातच बसली. कितीतरी दिवसांनी तिनं मोकळा श्वास घेतला. सहीचं पान पुन्हा पाहिलं, खुदकन हसली आणि परत आत गेली.

"सर, सहीखाली तारीख राहिली."