दिवा कुणाच्या नावानं?

चंदनपूर ही जुनी राजधानी. पाहुण्यांना नगर दाखवायचं काम सगुणाक्काकडे होतं. तिची रीत अशी, की प्रत्येक वास्तूपुढे, ती बांधून देवाघरी गेलेल्याच्या नावानं पाहुण्यांनी एक दिवा लावायचा.

यंदा शेजारची राणी यायची होती. दिवाण गुरगुरले, “ती कुंभारणीनं बांधलेली बारव वगळ. पहिला मान माझ्या नव्या हवेलीचा. नाहीतर काम सोड!”

बारव वगळायची नाही, हा तर सगुणाक्काचा देवापुढचा निश्चय. तरी ती हसून म्हणाली, “मान तुमचाच, दिवाणजी. वात भिजवून ठेवलीय. फक्त सांगा, राणीसाहेबांनी दिवा कुणाच्या नावानं लावायचा?”

दिवाणांचा हात आपसूक छातीवर गेला.

“थांब, बाई! बारवच दाखव. हवेलीला अजून पुष्कळ वर्षं आहेत!”